शेवटची ओळ

परदेशी कामाला जाणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची आत डोळेतपासणी चालली होती. बाकावर माझ्या शेजारी एक वेल्डर आणि त्याची बायको बसली होती. तिची तपासणी आधीच उरकली होती; आता ती त्याच्याकडून तक्ता पाठ करून घेत होती.

"तक्त्यावरची शेवटची ओळ म्हणा बघू."

"टी, झेड, व्ही, ई, सी, एल."

"ई आधी. मग व्ही. आणि तिकडे गेल्यावर काय पाठ करणार?"

"तिकडे कानाने करीन. जोड नीट बसत असला की तळणीसारखा एकसारखा आवाज येतो. फटफट झाली की समजायचं, आत पोकळ राहिलं."

"मग?"

"मग घासून परत भरायचं. दिसलं तर."

"डोळ्यांचं हे कधीपासून चाललंय?"

"झालं की वर्ष."

"आणि मला पत्ता नाही. बरं, तुम्ही पुढे व्हा. पोरांची परीक्षा झाली की आम्ही येतो मागून."

"नाही. सगळ्यांनी एकदमच निघायचं. थंडी पडायच्या आत."

"थंडीचा काय संबंध?"

"पोरांच्या शाळेत वर्ग गरम ठेवायचा बॉयलर आहे, तो कोणी जोडला?"

"तुम्हीच की. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं."

"थंडी पडली की तो पेटवतील. जोडला त्या दिवशी सारखी फटफट होत होती."

आतून पुढचा नंबर पुकारला. त्यांचा नव्हता.

"शाळेत सांगितलंत?"

"सांगितलं तर मला तिकडे कोण नेईल?"

तो तिच्याकडे वळला.

"ती ओळ परत एकदा सांग."

"टी, झेड," ती म्हणाली. "मग ई."