राणीची आणि माझी पहिली उडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. आपल्या डहाणूत फिरोज अंकलनी चिकूच्या वाडीत घोड्यावर बसून अडथळ्यावरून उडी मारायचा क्लास काढला, आणि पहिला विद्यार्थी कोण, तर मी! घोडीचं नाव राणी. ती शेळीला घाबरायची आणि मी तिला. फटाक्यांचं मात्र तिला काहीच वाटायचं नाही, याचं मला नवल वाटायचं.

पहिल्या उडीला बायकोनं आशागडहून अख्खं माहेर बोलावलं. मेहुणा मोबाईल रोखून उभा, म्हणजे पळायची सोय नाही. बांबू जेमतेम गुडघाभर उंचीवर होता. पण नवीन काम म्हणून अंकलनी नारळ फोडला आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना वरून झेंडूचं तोरण बांधलं.

"डोळे उघड नी, डिकरा!" अंकल ओरडले.

राणी सुसाट निघाली आणि तोरणापाशी गपकन थांबली. मी काही थांबलो नाही. तोरणाखालून उडालो तो थेट सासूबाईंच्या पायांशी.

"अहो जावईबापू, पाया नंतर पडला असतात," त्या म्हणाल्या.

अंकल राणीवर भडकले. तेवढ्यात चिंचणीचा दामूकाका पुढे आला. त्यानंच राणी अंकलना विकली होती.

"तिला कशाला बोलता, शेठ? सगळा जन्म वरातीत गेलाय तिचा. तोरण आलं, नवरा आत गेला, तिचं काम झालं!"