नाव आत, आडनाव बाहेर

नाही नाही नाही, लांबून! तिथनंच बघा! आणि श्वास जरा बाजूला सोडा, प्लास्टिकवर वाफ धरते म्हणे... मी नाही म्हणत हो, जावई म्हणतो! मला विचाराल तर उचला आणि घेऊन जा घरी, दार मी उघडून देतो! पण नाही. भिंतीवर ते कॉमिक आणि भिंतीखाली खुर्चीत मी, अकरा आठवडे झाले! बसा. पंखा लावता येत नाही, फ्रेम हलते. खिडकी उघडता येत नाही, उन्हानं शाई उडते. घाम पुसत ऐका. आणि माझं काय चुकलं? सही कागदाच्या खाली करतात हो! खाली! मी जन्मात जेवढ्या सह्या केल्या तेवढ्या खालीच केल्या. कारकून पेन्सिलीनं फुली मारतो, म्हणतो, "इथं करा," आपण करतो, घरी जातो. संपलं!

पण ही कॉमिकवाली जात वेगळी. रागावू नका, तुम्हीही त्यातलेच, दिसतंय मला.

त्याचं काय झालं, मागच्या खेपेला मी मुलीकडं आलो होतो, तर या खोलीतलं कपाट डुगडुगत होतं. रात्रंदिवस खडखड, खडखड! माणूस काय करेल? खोक्यात जावयाची जुनी चित्रांची पुस्तकं होती, एक काढलं, चौघडी घातली आणि दिलं कपाटाच्या पायाखाली ठोकून. कपाट असं बसलं, असं बसलं... मी खूश! म्हटलं जावई पाठ थोपटेल. जावई आला, वाकला, बघितलं आणि जमिनीवर फतकल मारून बसला तो उठेचना! मी म्हटलं, "पाणी आणू का?" तर मुलीला म्हणतो, "तुझ्या बाबांना सांग, मला काही नको."

झालं! सहा महिने त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला तर मुलीकडं. समोर बसलो तरी तेच. "तुझ्या बाबांना सांग, मीठ इकडं द्या." अरे गाढवा, मीठ माझ्या हातात आहे, मला ऐकू येतंय! आणि मधल्या मधे पोरगी वाळत चालली. एकीकडं नवरा, एकीकडं बाप. माहेरचं नाव काढायची चोरी! तिचं तोंड बघवेना हो.

तर एक दिवस तिचा फोन. "बाबा, हे माळ्यावरून खोकं काढताना पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. रविवारी ते म्हातारे चित्रकार येणारेत, ज्यांनी यांचं आवडतं कॉमिक काढलं. दहा वर्षांत पहिल्यांदा सह्या देणारेत. मला दवाखान्यातली ड्यूटी आहे. एवढं एक काम करा, मग हे बोलतील तुमच्याशी." गाय गाभण होती, तशीच भावाच्या गळ्यात घातली आणि निघालो.

आलो तर जावई पलंगावर, पाय उशीवर, मांडीवर हे कॉमिक. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी आणून दिलेलं, पहिला अंक. आणि माझ्याकडं बघून म्हणाला... "मामा."

मामा! सहा महिन्यांनी! पण पुढं जे सुरू झालं! "मामा, नीट ऐका. सही चेहऱ्यावर नको. नावाच्या अक्षरांवर नको. झग्यावर नको, निळ्यावर काळी शाई मरते. आतल्या पानावर नको, आत केली तर दिसणार कुणाला? 'अमक्याला सप्रेम' असलं काही लिहून घेऊ नका. सही फक्त इथं." आणि बोट कुठं? आभाळात! तो निळ्या झग्यातला गडी इमारतीवरून उडी मारतोय ना, त्याच्या गुडघ्याच्या वर जेवढं पिवळं आभाळ मोकळं आहे, तेवढ्यात! आणि चुकायला नको म्हणून प्लास्टिकच्या पिशवीला नेमकी तिथंच खिडकी कापलेली, चार बोटं रुंद. "पिशवीतून काढायचं नाही, खिडकीतच सही." मी म्हटलं, "जावईबापू, सही कागदाच्या खाली..." म्हणाला, "मामा!" या 'मामा'चा सूर वेगळा होता.

गेलो. हॉल केवढा, रांग केवढी! खाली पिवळ्या पट्ट्या, पट्टीबाहेर पाय टाकला की शिट्टी. चार तास! दोन्ही हातांत ते कॉमिक असं धरलेलं, ताटासारखं. नाक खाजलं, खाजवायचं कशानं? लघवीला जायचं तर नंबर जातो. कुणाकडं द्यावं तर सगळ्यांचे डोळे चोराचे!

पुढं एक चष्मेवाला. वळून बघतो, म्हणतो, "काका, आभाळात? वेडे आहात का? सही छातीवर घ्यायची, मधोमध! लांबून उठून दिसते!" तेवढ्यात मागची टोपीवाली बाई, "छातीवर? चित्र झाकायला? अहो काका, ऐकू नका याचं. आत, पहिल्या पानावर, जिथं चित्रकाराचं नाव छापलंय त्याच्या शेजारी. तीच सभ्य जागा." "सभ्य? मग कपाटात पुरून ठेवा!" "तुमच्यासारखे लोकच चित्रांची वाट लावतात!" माझ्या डोक्यावरून भांडतायत, आणि मी मधे, हातात ताट! शेवटी टाळकं सरकलं माझं. ओरडलो, "सही कागदाच्या खाली करतात! खाली! कळतं का?" मग दोघं एकदम हसले. चार तासांत त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

आला नंबर. टेबलामागं म्हातारा, हात असा थरथरतोय. शेजारी त्याची पुतणी, "पटकन, पटकन, बोलायचं नाही, पुढचे तयार राहा!" म्हाताऱ्यानं पिशवी बघितली, खिडकी बघितली. म्हणाला, "माझ्या चित्राला कोंडलंय होय? आणि मला हे एवढंसं भोक?" मला तर त्याची दयाच आली हो. सकाळपासून बसवून ठेवलेला, चहा समोर निवून गेलेला. मी म्हटलं, "काय करता, मलाही पाठवलंय." तो हसला. खरं हसला. पेन उचललं आणि घातलं खिडकीत. नाव लिहिलं. सुरेख! आणि खिडकी संपली.

आडनाव राहिलं ना! हात अधांतरी, थरथरतोय. माझ्याकडं बघतोय, आता कुठं? पुतणी ओरडतेय, मागनं टोपीवाली ढकलतेय, आणि तुम्हाला खरं सांगतो, जन्मभराची सवय जिभेवर आली. मी म्हटलं, "खाली घ्या! खाली!"

घेतलं त्यानं खाली. प्लास्टिकवर. थेट त्या गड्याच्या बुटापर्यंत, शेवटी एक झोकदार रेघ.

घरी येईपर्यंत मला वाटतंय, काम फत्ते! जावयानं हातात घेतलं, पिशवी बोटभर सरकवली... नाव आत गेलं, आडनाव बाहेर राहिलं. परत सरकवली, जुळलं. सरकवली, तुटलं. बोलेना. मला वाटलं, आता आणखी सहा महिने! मुलगी दारात, नखं कुरतडतेय. मी पण मग चिडलोच, म्हटलं, "सोडा, परत जातो, पुसून आणतो!" तर त्यानं फोन लावला मित्राला, मोठ्या आवाजावर. तिकडनं किंचाळीच! "हलवू नकोस! अर्धी कागदावर, अर्धी पिशवीवर? अरे अशी दुसरी कुठं असेल? पण लोक म्हणतील, आडनाव तूच मागनं लिहिलंस. बघितलं कुणी?"

"माझे सासरे समोर होते."

"मग त्यांना सोडू नकोस!"

तेव्हापासून हे असं! तो 'मामा' म्हणतो ना आता, दिवसाला चाळीस वेळा म्हणतो. मामा, उठू नका, मंडळी येतायत. मामा, तो हात थरथरल्याचा भाग विसरलात. मामा, 'खाली घ्या' जरा जोरात म्हणा, सकाळच्या लोकांना मजा आली. गाय व्याली, कालवड झाली, मी फोनवर हंबरडा ऐकला, बास! गावाला जातो म्हटलं की पोरगी डोळ्यांत पाणी आणते. "बाबा, किती दिवसांनी घरात हसणं आहे!" आता काय बोलता?

परवा मी तिला कोंडीतच पकडलं. म्हटलं, "पोरी, माझं वय बघ. मी मेल्यावर कोण सांगणार गं हे?" म्हणाली, "बाबा, यांनाही तीच काळजी. म्हणून उद्या व्हिडिओवाला बोलावलाय. दाढी करून बसा." मी तर उडालोच! म्हटलं, सुटलो! व्हिडिओ लावा भिंतीला, मी चाललो माझ्या गायीकडं!

तर म्हणते कशी, "असं कसं बाबा? व्हिडिओ खरा आहे हे सांगायला कुणीतरी लागेल ना!"