हायवेला चाललेली गाडी

छे छे, मीटर नका बघू साहेब — ऐंशी हजार, बरोबर हाय, चार वर्षांत ऐंशी हजार — म्हणून काय इंजिन संपलं? न्हाय. ठाण्यातली तीस हजार चाललेली आणा, हिच्यापुढं म्हातारी निघंल. का? अहो, सिग्नलला उभी, इंजिन चालू — मीटर हलत न्हाय, झीज चालूच. सकाळी थंड इंजिन सुरू करायचं, दोन किलोमीटरवर बंद — ऑइल तापायच्या आत बंद — मग आत गाळ धरणारच. आणि हायवेला? टॉप गिअर पडला की दोन तास एका सुरात. घाला बोट ऑइलच्या झाकणात... बघा, गाळ न्हाय. क्लच पहिलाच. ही हायवेलाच चाललीय.

कुणाची? माझ्या पोरीची, नूतनची. ठाण्याला असायची. गेली श्रावणात — डेंग्यू, चार दिवसांत. जावयानं गाडी इथं माणगावला आणून लावली, म्हणाला, बाबा, मला हिच्यात बसवत न्हाय, तुम्ही विका. त्याला मी पहिल्यांदाच बघितला — व्हय, पहिल्यांदाच. लग्न तिनं तिच्या मनानं केलं, मी म्हटलं होतं, ह्या दारात पाय ठेवू नकोस. मला वाटायचं, घर-ऑफिस करत असंल, बापाला विसरली असंल.

मग विकायच्या आधी सर्व्हिसला खोलली — आणि हातच थांबला. तीस वर्षं हेच करतोय, मला कळतं ना — घर-ऑफिसची गाडी न्हाय ही. बायकोला विचारलं, किशोरीला, ही गाडी जायची कुठं गं? ती पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून. दर शनिवारी यायची म्हणाली. समोरच्या पंपावर, ते हवेचं मशीन दिसतंय ना, तिथं. ही डबा घेऊन जायची, भाकरी न् सुकट. आणि पोरगी तिथनं मला बघत बसायची, बाबा बारीक झालेत का विचारायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तेवढंही बंद केलं असतंत, म्हणाली ही. केलं असतं, साहेब. खोटं कशाला बोलू.

आणि मी — ऐका — एकदा मी इथनंच, मान वर न करता, हिला म्हटलं, पंपावर कुणाची तरी गाडी बेल्टला ओरडतेय, सांग जा, सुकेळी खिंडीत तुटंल. वीस पावलं होती. पाना खाली ठेवला न्हाय मी. हा बघा बेल्ट, नवा हाय. बाबांनी सांगितलंय म्हणून दुसऱ्याच दिवशी बदलला तिनं.

काय? भाव? भावाचं... न्हाय, राहू द्या, चालू करू नका. चावी द्या इकडं. ह्या महिन्यात तुम्ही चौथे. सगळ्यांना सांगतो, इंजिन चांगलं हाय, आणि मग देववत न्हाय. तुम्ही दुसरी बघा कुठंतरी. जा, खरंच जा आता.