माठ उजव्या हाताले

माहेर आमचं मोर्शीकडचं, संत्र्याचा मुलूख, बाप दुसऱ्याच्या बागेत कामाले होता अन् मी शाळेत जायची पण डोक्यात काई राहे नाई. काय सांगू तुमाले ताई, गुरुजी म्हणत पाठ करा, मी घोकायची, ओसरीत फिरून फिरून घोकायची, शेजारची म्हातारी म्हणे या पोट्टीले भूत लागलं का काय, अन् सकाळी गुरुजीनं उभं केलं का डोकं घासलेल्या भांड्यावाणी, लख्ख, आत काईच नाई. दहावीले बाकी सारं निघालं अन् विज्ञान राहिलं. बाप म्हणे आता बस झालं, अन् लग्न करून दिलं इकडे, मूर्तिजापूरकडे, काळ्या मातीत.

आमचे हे तवा काळी-पिवळी चालवत, मूर्तिजापूर ते अकोला. बोलणं कमी, पण माणूस चांगला. गावात अंगणवाडी होणार होती, सेविका पाहिजे होती दहावी पास, तं हे म्हणे सुनंदा, बस ना परीक्षेले, एकच विषय तं राहिला. मी म्हटलं अन् पुन्हा नापास झाली तं? माहेरी नापास झालं तं बाप बोलते अन् चूप बसते. सासरी नापास झालं तं जन्मभर तेच निघते, हे बायकाईले सांगा लागत नाई. पण मले ते काम पाहिजे होतं ताई, लई पाहिजे होतं. मनातून वाटे आपलं बी कोणी नाव घ्यावं, कोणाची सून म्हणून नाई, सुनंदाबाई म्हणून.

मंग पुस्तक आणलं अन् तोच खेळ. घोका अन् इसरा. पचनसंस्था म्हणून धडा होता, अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, मी स्वयंपाक करता करता घोकून राहिली, अन् भाजी करपली. आत्याबाई, म्हणजे माई सासू, चुलीपाशी आली, म्हणे काय व, कोणाले शिव्या देऊन राहिली?

आता आत्याबाईचं सांगतो. शाळेचं तोंड नाई पाहिलं बाईनं. पण बाजाराच्या दिवशी साऱ्या गल्लीचं सामान तीच आणे. कोणाची हळद, कोणाचा गूळ, कोणाच्या लेकराची चड्डी, अन् एक बी चीज इसरे नाई. मी एक दिवस इचारलं, आत्याबाई, कसं ध्यानात राहते? तं म्हणे त्यात काय, निघाच्या आधी दारात उभी राहतो, डोळे झाकतो अन् ज्याची चीज त्याच्या घरात नेऊन ठेवतो. शेजारच्या शांतीच्या चुलीत गुळाची भेली ठेवली. वितळून राहिली, शांती बोंबलून राहिली. आता हे मी इसरन का? साधी ठेवली का इसरते पोरी, हासू आलं पाहिजे.

त्या दिवशी भाजी करपली तवा तिनं पुस्तक घेतलं, उलटं का सुलटं तिले काय माहीत, म्हणे यात काय हाय ते सांग. मी म्हटलं घास तोंडात जाते, मंग नळीतून खाली. ती म्हणे थांब. तोंड म्हणजे आपलं दार. नळी म्हणजे बोळ. मंग? मंग जठर, तिथं अन्न शिजल्यावाणी होते. म्हणे मंग चूल झाली ते. मंग यकृत, शरीरात उजव्या अंगाले असते, त्यातून पित्त येते. आत शिरलं का उजव्या हाताले आपला माठ होता, मोठा, काळा. म्हणे माठात हिरवं कडू पाणी भर, अन् तुया सासऱ्याले पाज एक गिलास. ताई, मी अशी हासली का डोळ्यात पाणी आलं, कावून का सासरे कारल्याच्या नावानंच उठून जात. स्वादुपिंड जठराच्या मागं, लांबट, तं चुलीमागं भितीवर काजळीचा लांबट डाग होता, तो झाला स्वादुपिंड. लहान आतडं म्हणजे दोरीवरच्या गोधड्या, घडीवर घडी. अन् शेवटी मोरी. ते का असन ते तुमीच समजा.

असं साऱ्या पुस्तकानं आमच्या घरात बिऱ्हाड केलं. झाडू मारता मारता माया अभ्यास होये. मी घरात फिरली का पुस्तकात फिरली. पयल्यांदा जिवाले वाटलं का आपल्याले बी डोकं हाय.

परीक्षा ऑक्टोबरात. त्याच्या आधी महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं लई मोठं असते ताई, घर खाली करा लागते, चुना मारा लागते, उजव्या भितीले त्या बसतेत. माठ उचलला, डावीकडे खिडकीपाशी ठेवला. गोधड्या आतल्या खोलीत. डाग चुन्याखाली गेला. महालक्ष्म्या जेवल्या, आपल्या घरी गेल्या, अन् मले घर असं गोजिरं दिसलं का म्हटलं राहू द्या असंच, माठाले बी खिडकीचा वारा लागते.

अन् अभ्यासाले बसली तं यकृत डावीकडे! डोळे झाकले का नवा माठ दिसे, नवी भित दिसे, गोधड्या पाहाले गेली तं दोरीच नाई. ज्या घरात सारं ठेवलं ते घर मीनंच मोडलं. परीक्षा तोंडावर अन् मी उंबरठ्यावर बसून रडून राहिली. आत्याबाईनं इचारलं काय झालं, मीनं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून पाहतच राहिली, म्हणे बाप्पा! माठ हालला तं अक्कल सांडली का तुयी?

पण मंग पदर खोचला बाईनं. माठ उचलला, हांड्यात पाणी काढून, अन् उजव्या हाताले ठेवला. दोरी बांधली, गोधड्या टाकल्या. अन् मंग तव्याच्या बुडाले हात घासला, काळा केला, अन् त्या कोऱ्या चुन्यावर, जो तिनं सोता मारला होता, चुलीमागं, तो हात ओढला. लांबट. तसाच. शेजारच्या शांतीनं पाहिलं, म्हणे अवो, महालक्ष्म्या आत्ताच गेल्या अन् तुमी भितीले काळं फासता? आत्याबाई म्हणे त्याईच्यासाठी पुढल्या वर्षी पुन्हा मारन चुना. सुनेची परीक्षा काई पुढल्या वर्षावर ढकलता येत नाई.

मी पास झाली. सेविका झाली, आतालोक तेच करून राहिली. लेकराईले मी घोकाले लावत नाई, म्हणतो डोळे झाका, आपापल्या घरात जा, क कुठं बसला, ग कुठं बसला, तं कोणाचा क कोंबडीच्या खुराड्यात असते, कोणाचा टीव्हीवर. गाव सुनंदाबाई म्हणते. चांगलं चाललं आमचं, खोटं कावून बोलू.

आता आत्याबाई थकली. नाव इसरते, जेवली का नाई ते इसरते. अकोल्याले दाखवलं, डॉक्टर म्हणे वयाचं हाय, सांभाळा. त्यातच माया पोरानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, फरशी, गॅसचा ओटा, फ्रीज. चांगलं बांधलं पोरानं. पण आत्याबाई मधातच उभी राहे, पाहे इकडे तिकडे, म्हणे कोणाच्या घरी आणलं मले? चाल व पोरी, घरी चाल, सांज होऊन राहिली. रोज. माया जिवाचं पाणी होये, कावून का ती काय शोधून राहिली हे मले माहीत होतं. एक डाव मी बी तशीच बसली होती उंबरठ्यावर.

मंग मी पदर खोचला. परसातला माठ धुतला, दाराच्या उजव्या हाताले ठेवला. हॉलात दोरी बांधली, गोधड्या टाकल्या. अन् तवा काढला. पोरगा म्हणे आई, नवा पेंट हाय तो! मी म्हटलं बाबू, या घरात हे पयल्यांदा नाई होऊन राहिलं. ओट्याच्या मागं, वरच्या भितीवर, ओढला हात.

सांजच्याले आत्याबाईले धरून आत आणलं. दारात थांबली. अन् ताई, तिनं पाहिलं बी नाई, उजवा हात आपोआप गेला, गिलास घेतला, पाणी काढलं, पेली. मंग हळूहळू ओट्यापाशी गेली, त्या डागाले बोट लावलं, बोट काळं झालं ते पाहिलं, अन् मायाकडे वळली.

म्हणे काय व सुनंदा, परीक्षा कवा हाय तुयी?

मी म्हटलं उद्या हाय, आत्याबाई.

मंग उभी कावून, म्हणे, बस, वाच. होशील पास.