टोपीवालं अस्वल

इकेबुकुरोच्या कार्टून-अस्वलांच्या कॅफेबाहेर सेत्सुको आजी नातीच्या हट्टापायी एकट्याच रांगेत उभ्या होत्या. मागे दोन तरुणी बोलत होत्या.

"तीन वर्षांनी फोन केलास, हारुना. मला वाटलं, लग्न ठरलं तुझं."

"छे गं चिझुरू! इथे प्रत्येक सरबताबरोबर पेल्याखालची एक चकती देतात. तिच्यावर कुठलं अस्वल निघेल ते नशीब. मला चेरीच्या फुलांच्या टोपीवालं हवंय."

"मग घे की."

"माणशी पाचच सरबतं मिळतात. दोघींची दहा होतील. पण उरवलेलं चालत नाही इथे."

"म्हणजे मी पाच प्यायची?"

"नऊ. एक मी पिईन. माझं पोट नाजूक, माहितीये ना तुला?"

"माहितीये. माझी आई गेली, त्या दिवशीही तुझं पोटच दुखत होतं."

"आता ते कशाला उकरतेस? चल, रांग सरकली."

"तू सरक."

चिझुरू रांगेतून बाहेर पडली आणि मागे न बघता स्टेशनाकडे चालू लागली.

"अगं, निदान पाच तरी पी!" हारुना ओरडली. मग तिने आजींच्या खांद्यावर हलकेच बोट टेकवलं.

"आजी, एकट्याच आहात ना? सरबत चालतं तुम्हाला?"