डाव्या हाताचा सलाम

फोटोला फ्रेम करून देणाऱ्याच्या दुकानात सुतार रांगेत उभा होता. पुढे भाऊबहीण, हातात वडिलांचा आरमाराच्या गणवेशातला फोटो. सुतारानं लगेच कान टवकारले. फुकटचं ऐकायला त्याला फार आवडायचं.

“तुझी मजा होती रे. बाबा सगळ्या थापा तुलाच मारायचे.”

“मजा कसली, ताई? जहाजाच्या नांगराची किल्ली आण म्हणून दुकानोदुकानी फिरवलं मला!”

“तेच म्हणते. माझी एकदा तरी फिरकी घ्यायची! मला नुसतं शिकवायचे. पोहणं, गाठी, सलाम.”

“सलाम?”

“आरमारातला. डाव्या हातानं. उजव्या हातात दोर असतो ना!”

“ताई, असा सलाम कुठेच नसतो.”

“गप रे! परवा त्यांना निरोप देताना मी तसाच ठोकला, त्यांच्या सगळ्या आरमारी दोस्तांसमोर.”

“म्हणून ते म्हातारे रडता रडता फिसकन हसले!”

“अगं बाई! म्हणजे चाळीस वर्षं मी...”

“हसतेस काय? माझी थाप त्याच संध्याकाळी फुटली. तुझी मात्र मरेपर्यंत जपली त्यांनी. पहिल्यापासून लाडकी तूच!”