सुतकाच्या घरी पापडांची जाहिरात

पेणच्या डिजिटल मार्केटिंगच्या प्रदर्शनात माझी काय गत झाली, ते ऐका. स्टॉलवरच्या मुलीने माझ्या फोनवर मी विकते त्या पापडांची जाहिरात बनवली आणि मी नको म्हणायच्या आत सगळ्या ओळखीच्यांना पाठवलीसुद्धा. ‘आजच घरी कुरकुरीत पापड तळा.’

रोह्याच्या माझ्या मैत्रिणीची, सुनंदाची, सासू जाऊन चारच दिवस झाले होते. सुतकाच्या घरात कोण तळण काढतं?

“सुनंदाला गेलेली पुसून टाक गो आधी,” मी त्या मुलीला म्हटलं.

“काकू, सुनंदाताईंनी वाचलं पण.”

तेवढ्यात सुनंदाचाच फोन आला. मी भीतभीत उचलला.

“सुनंदा, चुकलं गो माझं.”

“चुकलं कसलं? तेराव्याला शंभर पापड दे. सासूबाईंना तुझेच लागायचे. पण सुतकात तळणीचं नाव कसं काढू, म्हणून गप्प होते.”